चार मिळवायचे

"पाच," फौजदार म्हणाली.

"नऊ," आजी म्हणाली. "पुन्हा कर."

फौजदार म्हणजे या घरातली चौथीतली नात. घरच्यांची दिवसभर इतकी उलटतपासणी घ्यायची की हे नाव तिला आपसूक चिकटलं. आज तर तिनं उच्छाद मांडला होता. वर्षभराचं परदेशातलं काम संपवून तिची आई आज घरी येणार होती. "तू बाहेर आलीस की सगळ्यांत पुढे मीच उभी असेन," असं तिनं आईला फोनवर कबूल करून ठेवलं होतं. पण विमान रात्री नऊला आणि आत्ता कुठे दुपारचे चार. मधला वेळ ढकलायचा कसा? आजीनं जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. तिनं आपला नेहमीचा उपाय केला. सुनेच्याच विमानाचे आकडे घेऊन फळ्यावर गणित घातलं. विमान तिथल्या सकाळी सहाला सुटलं, सात तास उडलं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा चार तास मागे. तर इथे किती वाजता उतरेल?

उत्तर आजीला पाठच होतं. तपासण्याची तिला गरजच वाटली नव्हती.

"सहाला सुटलं तेव्हा आपल्याकडे दहा," फौजदार बोटांवर मोजत म्हणाली. "दहा आणि सात सतरा. म्हणजे संध्याकाळचे पाच."

"नऊच यायला हवेत."

"मग ते अकरा तास उडेल. वाटेत काय झोपणार आहे का?"

बाहेरचा दरवाजा रंगवत असलेले बाबा खो खो हसले. आजीला मात्र हसू आलं नाही. तिनं खडू उचलला आणि गणित स्वतः केलं. पाच आले. फडक्यानं फळा पुसून परत केलं. परत पाच. मग तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

घड्याळात बारा वाजले होते.

आई गेली त्याच दिवशी फौजदारनं स्टुलावर चढून ते चार तास मागे केलं होतं. आई आत्ता जेवत असेल, आई आत्ता उठली असेल, हे सगळ्यांना वर बघताक्षणी कळायला हवं, म्हणून. तेव्हापासून घड्याळात पाहायचं आणि चार मिळवायचे, ही सवय घराच्या अंगात इतकी मुरली होती की आई फोनवर "पाचला उतरते" म्हणाली, तेव्हाही घरानं एकमुखानं चार मिळवले होते.

"अगं बाई!" आजी मटकन खुर्चीत बसली. "उतरायची वेळ इथलीच असते. तिनं इथलेच पाच सांगितले होते!"

"म्हणजे?" बाबांनी दारातून विचारलं.

"म्हणजे माझं बरोबर!" फौजदार ओरडली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पडला. "म्हणजे आई येतेय. आत्ता!"

मग घरात जी पळापळ झाली तिला तोड नव्हती. बाबांना गाडीची किल्ली सापडेना. ती त्यांच्या खिशातच होती. शर्ट बदलायला वेळ नव्हता. ओला दरवाजा लावताना त्यावर त्यांचा आख्खा पंजा उमटला. आजी घरातल्याच चपलांवर गाडीत बसली. वाटेत प्रत्येक सिग्नलला फौजदार "हिरवा हो, हिरवा हो" म्हणत होती, आणि आजी, जिनं कधी विद्यार्थ्यांना एवढंसं बोलू दिलं नव्हतं, तीही तिच्या सुरात सूर मिसळत होती.

विमानतळाच्या कठड्याशी ही गर्दी. फौजदार सरळ माणसांच्या कमरेखालून घुसली आणि थेट पुढे जाऊन उभी राहिली. दम लागलेला, एक मोजा वर, एक खाली. सरकती दारं उघडली. सामानाची गाडी ढकलत आई बाहेर आली आणि तिला सगळ्यांत आधी फौजदारच दिसली.

पुढची काही मिनिटं सगळे नुसते हसत होते. आजी डोळेही पुसत होती.

"तुम्ही वेळेवर कसे?" आई म्हणाली. "फोन ठेवला आणि वाटलं, ही मंडळी यात नक्की चार मिळवणार. मी तर नऊपर्यंत बाकावर बसून राहायच्या तयारीनं आले होते." मग तिनं बाबांच्या नाकावरचा हिरवा रंग पाहिला आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

"थांब, आई, तुझं घड्याळ लावून देते," फौजदार म्हणाली. "चार तास पुढे." तिनं आईचा हात ओढला, मनगट डोळ्यांपुढे धरलं आणि मग मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

घड्याळात साडेपाच झाले होते. विमानतळाच्या भिंतीवरही साडेपाचच.

"इथून जाताना जसं होतं तसंच आहे," आई म्हणाली. "वर्षभर हातच लावला नाही. तिकडे वेळ बघायची तर मी रोज चार वजा करायचे."

आजीच्या मुठीत अजून खडू होता. तिनं तो पिशवीत टाकला आणि फौजदारच्या पाठीवर हात ठेवला.

"चला घरी," ती म्हणाली. "आता मिळवायचंही नाही आणि वजाही करायचं नाही."