फळ्यावरची नावं

मीटिंग आटोपली तशा मावशी केर काढायला आत आल्या. दोन साहेब अजून रेंगाळत होते. फळ्यावर यंदाचा नफा दुप्पट झाल्याचं लिहिलं होतं आणि त्याच्या खालीच, 'एक तारखेपासून कमी' म्हणून, सफाईच्या बारा बायकांपैकी अकरा जणींची नावं होती. मावशींचं नाव तेवढं नव्हतं.

धाकट्या साहेबांनी घाईने डस्टर उचललं. मोठे साहेब म्हणाले, "राहू द्या हो, त्यांना कुठे वाचता येतंय. मावशी, तेवढं पुसून घ्या."

मावशींनी सगळा फळा पुसला.

दुपारी जिन्याखाली बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्यांनी सरकून मावशींना जागा करून दिली.

"काय गं, वर काय लिहिलं होतं? सगळे नुसते कुजबुजतायत," एकीने विचारलं.

"मला मेलीला कुठे वाचता येतं?" मावशी खाली मान घालून म्हणाल्या.

बायका हसल्या आणि जेवायला लागल्या. समोर बसलेल्या ताईचा घास मात्र हातातच राहिला. बाकीच्या कामाला गेल्या की याच जिन्याखाली बसून तिने वर्षभर मावशींना अक्षरं शिकवली होती.