दंडवताला दंडवत

“पालथं तर मढंबी ठेवत न्हाईत,” खंडूबुवा म्हणाले आणि मास्कखाली धापा टाकत छताकडे बघत राहिले.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर प्राणवायूचा आकडा ब्याऐंशीला आला होता. डॉक्टर रेवतीनं प्रवाह वाढवायचा तेवढा वाढवून झाला होता. आता दोनच वाटा. बुवांनी पोटावर झोपायचं, म्हणजे पाठीकडून दबलेली फुफ्फुसं मोकळी होतील. नाहीतर घशात नळी आणि श्वासयंत्र. मुलुंडच्या मैदानावर उभारलेल्या त्या तात्पुरत्या इस्पितळात नळी घातलेली किती माणसं पुन्हा बोलली, हे रेवतीनं पाहिलं होतं. आणि हे तर घाटकोपरच्या भटवाडीतले कीर्तनकार. माइक बंद पडला तरी गल्लीच्या टोकाला दळण घेऊन उभ्या असलेल्या बाईलासुद्धा शब्दन्‌शब्द ऐकू जायचा, असा गळा. त्या गळ्यात नळी घालायची?

“बुवा, वाट लावताय तुम्ही आमची,” नर्स संघमित्रा म्हणाली. “अख्खं जग पालथं झोपतंय सध्या.”

“झोपू दे. पाठ... भुईला. तोंड... वर. आईनं शिकिवलंय.”

एवढं बोलण्यात आकडा आणखी खाली उतरला.

खाटेच्या पायथ्याशी स्टँडवरच्या पडद्यात डॉक्टर इनेश दिसत होती. ती पोर्तुगालची, कोइंब्रा शहरातल्या अतिदक्षता विभागातली. त्यांच्याकडची साथीची लाट नुकतीच ओसरली होती. पोटावर झोपवण्याचं महत्त्व तिथल्या लोकांनी आपली माणसं गमावून ओळखलं होतं. इकडे लाट आल्याचं कळताच त्यांनीच विचारलं, आम्ही काही करू शकतो का? रेवतीनं आढेवेढे न घेता हो म्हटलं. तेव्हापासून इनेश आणि तिचे सोबती स्वतःची ड्यूटी सांभाळून रोज मुलुंडच्या खाटांपुढे येऊन बसत.

इनेशला मराठीचा गंध नव्हता. पण नाही म्हणणारा म्हातारा कुठल्याही देशात ओळखू येतो. ती खुर्चीवरून उठली. तिनं कॅमेरा खाली वळवला आणि आपल्या वॉर्डाच्या फरशीवर सरळ पोटावर आडवी झाली. हात डोक्याच्या पुढे, मान एका बाजूला. असं झोपायचं, एवढंच तिला दाखवायचं होतं.

बुवांची नजर छतावरून खाली आली.

संघमित्रानं ती नजर पकडली. “बघा बुवा, बाई दंडवत घालतायत तुम्हाला. सातासमुद्रापलीकडून.”

रेवतीनं डोळे वटारले. संघमित्रानं तिकडे बघितलंच नाही. “आमच्या घरी बुद्धवंदना होते, पण तुमच्यातलं मला माहीत आहे. कुणी पाया पडलं तर माळकऱ्यानं उलट त्याच्या पाया पडायचंच. खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. कीर्तनाला उभं राहण्याआधी पायाशी आलेल्या शेंबड्या पोरालाही बुवा वाकून नमस्कार करत. समोर देव वाकला आणि आपण ताठ राहिलो तर गळ्यातली माळ कशाला, असं ते म्हणायचे.

पडद्यात इनेश अजून तशीच पडून होती. तिच्या वॉर्डातला एक मदतनीस औषधांची गाडी तिला वळसा घालून घेऊन गेला. कुणीतरी काहीतरी विचारलं, तर तिनं मान न उचलता नुसता हात हलवला. उठायचं नाव नाही.

बुवांनी डोळे मिटले, उघडले.

“हात द्या,” ते म्हणाले.

दोघींनी त्यांना अलगद वळवलं. छातीखाली उशी दिली, नळ्यांचा गुंता सोडवला. त्या धडपडीत आकडा आधी खालीच घसरला. मग तो थांबला. मग चढायला लागला, दमलेला माणूस जिना चढतो तसा, एकेक पायरी. नव्वदी ओलांडल्यावर संघमित्रानं अंगावरच्या त्या प्लॅस्टिकच्या पोशाखासकट रेवतीला मिठी मारली. तिकडे इनेश उठून गुडघे झटकत होती आणि तिच्यामागे उभे असलेले चार-पाच जण टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर इनेशचं तोंड दिसायचा अवकाश, बुवा आपणहून पालथे झालेले असत. तिला खाली वाकायची संधीच देईनात. त्यांचं बघून शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वळले, मग पलीकडचे. हळूहळू ती सगळी रांगच वळली, आणि त्या रांगेतली बरीच माणसं पुढे आपल्या पायांनी घरी गेली.

बुवा निघाले तेव्हा दाराशी थांबून त्यांनी “विठ्ठल” म्हटलं. आवाज थोडा चिरका होता, पण मंडपाच्या पार त्या टोकापर्यंत गेला. तिथल्या खाटेवरून कुणीतरी उलट “विठ्ठल” म्हटलं.

निरोप घ्यायला इनेश पडद्यावर आली होती. दंडवताची हकिगत रेवतीकडून तिला कळली होती आणि ती बिचारी ओशाळली होती. म्हाताऱ्याला खरं काय ते सांगा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“बुवा,” रेवती चाचरत म्हणाली, “त्या दिवशी त्या नमस्कार करत नव्हत्या. कसं झोपायचं ते दाखवत होत्या.”

संघमित्रा उगाच सलाइनचा स्टँड सरळ करायला लागली.

बुवा हसले. “ते काय मला कळलं न्हवतं व्हय? दंडवत घालणारा मान वळवून निजत न्हाई.”

“मग वळलात कशाला?”

“मी वळल्याबिगर ती उठंना, बाय. दुसऱ्याची लेक गार फरशीवर किती वेळ ठेवायची?”