हरकतीचं पत्र

"मॅडम, तुमची फी काय असेल ती घ्या, पण ह्या बाईला गप्प करा," असं म्हणत थोरल्याने पत्र टेबलावर ठेवलं.

सल्लागारबाईंनी चष्मा चढवला. ह्या दोघा भावांच्या चार मजली इमारतीचा नकाशा मंजुरी कार्यालयाने दोनदा नाकारला होता आणि दोन्ही वेळा ह्याच पत्रामुळे. तिसऱ्यांदा नाकारला तर भागीदार अंग काढून घेणार होता. म्हणून तर नियोजन सल्लागार नेमायला दोघे कडक इस्त्रीचे शर्ट घालून आले होते.

पहिल्या पानावर बाईंच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर त्या चक्क हसल्या.

"काय सुरेख लिहिलंय हो! जिना अरुंद, मागे जागा सोडलेली नाही, आगीचा बंब वळायला वाव नाही... सगळं कलमासकट. हे शोधायला मला महिना लागला असता. कोण ह्या?"

"शेजारीण," थोरला म्हणाला.

"आत्या आहे आमची," धाकट्याच्या पोटात राहीना. "सख्खी. तीस वर्षं त्याच कार्यालयात नकाशे तपासायची."

"अरे देवा! काखेत कळसा आणि माझ्या ऑफिसला वळसा? नकाशा तिला दाखवला होतात का?"

"तिला काय दाखवायचं? ती घरचीच..." थोरला बोलता बोलता थांबला.

बाईंनी पत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली. फी घेतली नाही.

तासाभराने दोघे आत्याच्या दारात उभे होते. तिने आत या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

"भाच्यांचा नकाशा बघायला मी कार्यालयात रांगेत उभी राहिले," ती म्हणाली. "खिडकीवरचा माणूस विचारतो, बाई, तुमचा काय संबंध? काय सांगणार होते मी त्याला?"

दोघांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं गं आत्या," धाकटा म्हणाला. "सल्लागार म्हणून तुलाच नेमायला आलोय."

आत्याने नाक ओढलं आणि त्यांच्या हातातला नकाशा आत नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरला. लाल पेन्सिलीने तिने आधी जिना खोडला. मग बंब म्हणून काडेपेटी ठेवली आणि ती वळेपर्यंत एक भिंत दोनदा मागे सरकवली. तिचा चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता. इकडे थोरल्याने पत्र तिच्यापुढे सरकवलं.

"आत्या, आधी ती हरकत मागे घे ना."

"का म्हणून? बरोबर आहे ती. बदलायचाय तो नकाशा."

"आणि तिसऱ्यांदा नाकारला तर?"

"कोण नाकारतंय!" पेन्सिलीला टोक काढत आत्या म्हणाली. "हरकत घेणारी आता तुमच्याकडे कामाला लागलीय."