पाठीवरचे टाके

राजाभाऊंच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून डॉक्टरांनी त्यांना त्याच दुपारी घरी सोडलं. पाच टाके पडले होते. राजाभाऊ एकटेच रिक्षाने दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सोसायटीत परतले. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट अजून रिकामेच होते. त्यांच्या पत्नीला, अरुणाबाईंना, जाऊन चार महिने झाले होते.

आठ दिवसांनी टाके काढायचे म्हणून मुलगी पुण्याहून आली.

"बाबा, स्वतःच्या पाठीला हात पोचत नाही आणि म्हणे एकटा राहीन! बास झालं. माझ्याबरोबर पुण्याला चला."

"नाही पोचत तर नाही. मी घर सोडणार नाही, हेमांगी."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. त्यांनीच लावलेली पट्टी, तशीच होती. त्यांनी टाके मोजले. पुन्हा मोजले.

"अंकलजी, मैंने तो पाँच टाँके लगाए थे. ये दो किसने लगाए?"

हेमांगीने वाकून पाहिलं. पाच टाके काळे होते. त्यांच्यापुढे दोन हिरवे, साडीच्या फॉलला घालतात तसे बारीक.

"बाबा, असा टाका तर आई घालायची."

"पाँच निकालो," राजाभाऊ म्हणाले. "उन दो को हाथ नहीं लगाना."

डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी एक हिरवा टाका कापला.

तिथेच न दिसणारी सुई टोचली. दोरा हळूच ओढला गेला. डॉक्टर तर केव्हाच मागे सरून भिंतीला टेकले होते.

राजाभाऊ जागचे हलले नाहीत. "हेमा, परतीचं तिकीट तुझ्या एकटीचंच काढ," ते म्हणाले, आणि सुई पुन्हा टोचेपर्यंत ताठ बसून राहिले.