टॉवरवाला जावई

मोबाइलच्या किरणांनी मेंदू शिजतो, असं ऐकल्यापासून घाटंजीकडच्या बाबारावांनी फोन कानाला लावणं सोडलं. ते फोन समाजमंदिराच्या ओट्यावर ठेवत, स्पीकर लावत आणि चार हात लांबून ओरडून बोलत. कापसाचा भाव पडल्यापासून तिथं रिकामी माणसं बरीच असत, तीही ऐकत. एका सकाळी नागपुरात शिकणाऱ्या लेकीचा, मैत्रेयीचा फोन आला. "जयभीम बाबा. मी एक पोरगा पसंत केला. सध्या कोणाले सांगू नका." ओट्यावरच्या सगळ्यांनी कान टवकारले. बाबाराव पेचात पडले. फोन कानाला लावावा तर किरणं, नाही तर चव्हाटा. तेवढ्यात शेजारच्या साधनाबाईंनी विचारलं, "करते काय तो, पोरी?" मैत्रेयी जराशी चाचरत म्हणाली, "मोबाइलचे टॉवर उभारते, मावशी." सगळे बाबारावांकडे पाहू लागले. "घेऊन ये त्याले," शेवटी ते लांबूनच ओरडले, "पण आंघोळ करून यायले सांग."