एक नंबरची जागा

“आधी माझं ऐकायचं, मग जगाचं!” गळ्यात माळ घालताना कौसल्या म्हणाली होती, आणि गुणाजींनी भर मांडवात तिला आपल्या कानयंत्रात, दूरची हाक कानात पोचवणाऱ्या त्या यंत्रात, एक नंबरची जागा दिली होती. नवरा-नवरीने एकमेकांना एक नंबर द्यायचा, हा तेव्हाचा रिवाजच होता.

कौसल्या जाऊन दोन वर्षं झाली. तरी गुणाजींचं यंत्र कुणाचीही हाक आली की आधी एक नंबरला विचारायचं, सात सेकंद उत्तराची वाट बघायचं आणि मगच बाकीच्यांना, अगदी दोन नंबरवरच्या लेकीलाही, आत घ्यायचं.

आज लाकडाच्या वखारीत लेक शालन दुसऱ्या टोकाहून यंत्रात ओरडली, “अप्पा, मागे सरा!” हाक पोचली तोवर ओंडका त्यांच्या पायाला चाटून गेला होता.

वखारीतली सगळ्यांची यंत्रं शालनच दुरुस्त करायची. तिने अप्पांच्या यंत्राला वायर जोडली.

“आईचा नंबर काढते आता. हट्टी तर हट्टी, पण निदान जिवंत राहा!”

एरवी ते म्हणायचे, “माळेचा मान आहे तो, राहू दे.” आज त्यांनी सुजलेला पाय चोळला. मग म्हणाले,

“काढ. पण एक ऐक. ती गेली त्या दुपारी तिची हाक आली होती. करवत चालू होती, म्हणून मी हाक तोडली. पुन्हा हाक मारेल, म्हणून जागा ठेवली होती गं.”