कोरी फ्लॉपी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, हातातला चहा निवायच्या आत संपेल. पण कान मात्र इकडे असू द्या.

ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या छापखान्यात आक्का खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मांडीवर जाड कापडात गुंडाळलेली एक फ्लॉपी, आणि तिच्यावर दोन्ही हात. जन्मापासून डोळ्यांना दिसत नसलं, तरी चाळीस वर्षांत त्यांचं बोट फिरल्याशिवाय इथून एक पान बाहेर गेलं नव्हतं.

"कपाटातला खोका पाहिलास?"

"पाहिला. सगळ्यांना बुरशी. असल्या फ्लॉप्या आता औषधालाही मिळत नाहीत, आक्का."

हा दुरुस्तीवाला. खिशाला पेनाऐवजी पेचकस, म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणत.

झालं होतं असं, की जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बसली. ठिपके उठवणारं यंत्र ऐकायचं ते त्या जुन्याचंच, आणि जुना आता उठला तर फ्लॉपीवरूनच उठणार. पेचकसने आपल्या नव्या संगणकाला फ्लॉपीची ड्राइव्ह जोडून आणली होती. जुनी प्रणाली, यंत्राचा प्रोग्राम, कादंबरीचा विसावा भाग, सगळं त्यात तयार. अडलं होतं एका धड फ्लॉपीपाशी.

आणि तिकडे दवाखान्यात दादा वाट पाहत होते. छापखान्याचे सगळ्यात जुने वाचक. डोळे गेले, मग कानही गेले. जगाशी नातं उरलं ते बोटांचं. कादंबरीतला खलाशी एकोणीस भाग समुद्रात भटकत होता. तो घरी पोचला की नाही, एवढंच दादांना कळायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस धरा. आक्कांनी ऐंशी पानं हाताने टोचायची, तर दोन आठवडे.

आक्कांनी कापड सोडलं. "ही घे. यात माझ्या गोष्टी आहेत. मी रचलेल्या. लोकांची पुस्तकं आधी, आधी, म्हणता म्हणता तीस वर्षं छापायच्या राहिल्या."

पेचकसने फ्लॉपी नव्या संगणकात घातली. ड्राइव्ह बराच वेळ कण्हली.

"अकरा पानं निघाली. पुढचं विरलंय. चिकाटीने काढत बसलं तर निघेलही. पण आठवडा जाईल."

"आठवडा कुठून आणू?"

"मग असं करू. तुमच्या गोष्टींना हात लावत नाही. मोकळ्या जागेत माझं लिहितो. दोन्ही नांदतील."

आक्कांचा श्वास मोकळा झाला. त्याने लिहिलं, फ्लॉपी जुन्यात घातली. जुना गुरगुरला आणि गप्प झाला. पुन्हा लिहिलं. पुन्हा गप्प.

पेचकस कपाळाला हात लावून बसला. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं. नव्या ड्राइव्हची लेखणी बारीक, आक्का, आणि जुन्याची नजर रुंद. माझी रेघ मधोमध पडते, दोन्ही कडांना आधीच्या खुणा राहतात. जुना दोन्ही एकदम वाचतो आणि बावचळतो."

"जुनी माणसं अशीच. मग?"

"मग आधी पूर्ण कोरी करावी लागेल. कडेकडेने, सगळी. थोडंही ठेवून चालायचं नाही." त्याने पिशवीतून फुटक्या स्पीकरचं चुंबक काढलं, पण हात पुढे होईना.

"आण इकडे," आक्का म्हणाल्या. "माझं मीच पुसते."

चुंबक त्यांनी फ्लॉपीवरून गोल गोल फिरवलं. घाई नाही, जोर नाही, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात. ओठ मात्र हलत होते.

"काय म्हणताय?"

"काही नाही. त्यांना सांगतेय, चला."

या खेपेला जुना उठला. यंत्र खडखडू लागलं. पानं पडत गेली, आक्का बोटांनी तपासत गेल्या. ऐंशीवं पान पडलं, तरी यंत्र थांबेना.

"अरे, बिघडलं की काय?" म्हणत त्यांनी पुढचं पान ओढलं. पहिल्याच ओळीवर बोट अडखळलं. ती ओळ त्यांचीच होती.

पेचकस पाठमोरा होऊन वायर गुंडाळत होता. "शेवटी थोडी जागा उरत होती," तो म्हणाला. "तुमची निघालेली अकरा पानं मावली."

संध्याकाळी दादांनी विसावा भाग उशीवर घेतला. खूप वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "पोचला," ते मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारे बोलतात तसे. "घरी पोचला बरं का!"

पण बोटं थांबली नाहीत. ती पुढच्या पानांवर गेली, हळू, आणखी हळू. अकराव्या पानाच्या शेवटी वाक्य मध्येच तुटलं होतं. दादांनी कोऱ्या कागदावर बोट फिरवून पाहिलं, पान उलटून पाहिलं.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. दादांचा तळवा आपल्या मांडीवर उघडला आणि त्यावर बोटाने ठिपक्याठिपक्यांनी एकेक अक्षर काढायला सुरुवात केली, आठवेल तसं.

गोष्ट संपली. चहा निवला असेल तर माफी असावी. विनंती एकच: आक्कांची आठवण ठेवा. ती अकरा पानं सोडली, तर त्यांच्या त्या गोष्टी आता कुठेच लिहिलेल्या नाहीत.